कंट्रोलच्या टबातले मांगूर

दुलीचंद दिघोरेला दारू चढत नसे, तंबाखूचा खर्रा सोसत नसे आणि पत्ते कळत नसत. अशा माणसाने बिघडायचं तरी कसं? त्याने आपल्यापुरता मार्ग काढला होता. तो जिम्मा घ्यायचा.

छोटा गोंदियातल्या त्याच्या गल्लीत कुणाला जुनी सायकल घ्यायची असली की दुलीचंद तिच्या सीटवर थाप मारून म्हणे, “घेऊन टाक. जिम्मा आपला.” अशाच एका सायकलचं पुढचं चाक दुसऱ्या दिवशी कुडव्याच्या रस्त्यावर मालकाला मागे ठेवून एकटंच पुढे निघून गेलं, तरी गल्लीचा विश्वास काही ढळला नाही. कुणाच्या मुलीला स्थळ आलं, कुणाचा कूलर बिघडला, कुणी डोळ्याचं ऑपरेशन करावं की राहू द्यावं अशा विचारात पडलं, की माणसं दुलीचंदच्या ओट्यावर येऊन बसत. त्याला त्यातलं काही कळत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण इतक्या खात्रीने बोलणारा माणूस गल्लीत दुसरा नव्हता.

त्याची बायको नंदाबाई म्हणायची, “तुमचा जिम्मा म्हंजे कुडाची भिंत. टेकलं का पडलं.”

नोकरी म्हणाल तर गोंदियाच्या एका विज्ञान महाविद्यालयात, प्राणिशास्त्र विभागात, प्रयोगशाळा परिचर. तीही ठेक्यावर. दर मार्चअखेरीला ठेका संपायचा आणि एप्रिलात विभागप्रमुखांच्या सहीने नवा व्हायचा. असं चौदा वर्षं चाललं होतं. कायम करण्याची फाईल ‘वर गेली आहे’ असं त्याला नऊ वर्षांपासून सांगण्यात येत होतं. कॉलेजला मजले दोनच. दुसऱ्या मजल्यावर ग्रंथालय आणि त्याच्यावर कबुतरं. फाईल नेमकी कुठवर गेली, हे दुलीचंदला उमगलं नव्हतं.

विभागप्रमुख डॉ. यादोराव रहांगडाले म्हणजे भला माणूस. त्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत. सहा वर्षांपूर्वी सरांना प्रयोगासाठी जिवंत मासे हवे होते, तेही स्वच्छ पाण्यातले. बाजारातल्या माशाचा काय भरवसा! सर व्हरांड्यात उभे राहून हे बोलले आणि दुलीचंदच्या हातातला झाडू थांबला.

“सर, माह्या सासुरवाडीले तलाव आहे. कवडीटोल्याले. मालगुजारीच्या काळातला. ना कारखाना, ना गटार. पानी असं का नाणं टाकलं तर राजाचं तोंड दिसन. मांगूर पायजे ना? आनतो. जिम्मा आपला.”

झालं. तेव्हापासून दुलीचंद बल्लारशाच्या पॅसेंजरने अर्जुनीला उतरायचा, तिथून कवडीटोल्याला जायचा आणि निळ्या प्लास्टिकच्या पिंपात देशी मांगूर घेऊन परत यायचा. डब्यातली माणसं नाक दाबत. एकदा पिंपाचं झाकण उडून एक मांगूर कुणा आजीच्या पिशवीत शिरला आणि सौंदड येईपर्यंत आजी ‘साप, साप’ करत बाकावर उभी होती. त्या माशांवर सरांचे चार शोधनिबंध छापून आले. चारींत पहिल्या परिच्छेदात एक वाक्य ठरलेलं: मासे प्रदूषणमुक्त तलावातून आणले. सरांनी तलाव कधी पाहिला नव्हता. त्यांनी दुलीचंदला पाहिलं होतं.

यंदा त्याच तलावाच्या मांगुरांवर मोनाली नंदेश्वरची पीएच.डी. चालू होती. मोनाली म्हणजे हुशार, अबोल मुलगी. बोलली तर मोजकं, आणि तेही बरोबर असायचं, त्यामुळे विभागात तिचा थोडा धाकच होता. तिच्या विषयाचं नाव एका ओळीत मावत नसे. शिशासारखा जड धातू पाण्यात मिसळला की गोड्या पाण्यातल्या माशांच्या पाचकरसांचं काय होतं, असा तो विषय. दुलीचंदने नंदाबाईला तो एका वाक्यात सांगितला होता: “मासोळीनं खाल्लेलं तिले पचते का नाई, ते पाहाचं.”

“अन् तुमाले कामाचे पैसे देतात?” नंदाबाईने विचारलं होतं.

प्रयोग तसा सरळ होता. चार टब. तिघांत शिसं घातलेलं पाणी; एकात थोडं, एकात जास्त, एकात त्याहून जास्त. चौथा टब साध्या पाण्याचा, त्याला म्हणायचं कंट्रोल. आमच्याकडे कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान, त्यामुळे पहिले दोन दिवस दुलीचंदने त्या टबाला खाणं जरा मापातच दिलं. मग मोनालीने समजावलं, की हे मासे निरोगी. बाकीच्या तिघांचं बिघडलं किती, ते यांच्याशी ताडून बघायचं. कंट्रोल म्हणजे प्रयोगाचा काटा. काटाच खोटा असला तर सगळं वजन खोटं.

महिनाभर दुलीचंदने ते टब लेकरांसारखे सांभाळले. कोंडा आणि ढेपेच्या गोळ्या स्वतः वळल्या. प्रत्येक टबाचा मग वेगळा, जाळी वेगळी, पुसायचं फडकंसुद्धा वेगळं. खोलीची किल्ली त्याच्या करदोट्याला. उरलेले अकरा मांगूर, त्याच पिंपातून आलेले, व्हरांड्यातल्या सिमेंटच्या टाकीत राहिले. त्यांना ना शिसं, ना शास्त्र. ते आपले नुसतेच जगत होते.

महिना संपला. मोनालीने प्रत्येक टबातल्या माशांच्या आतड्यांतला रस काढला. आकडे मशीनवर यायचे, पण दुलीचंदला मशीनची गरज नव्हती. त्याला नळीतला रंग पुरे. नळीत भाताच्या पेजेसारखं पिठूळ पाणी घ्यायचं, त्यात माशाचा पाचकरस टाकायचा, पंधरा मिनिटं ऊन पाण्यात ठेवायचं आणि वरून आयोडीनचा थेंब सोडायचा. रसाने पीठ पचवलं असेल तर रंग येत नाही. पीठ तसंच पडून असेल तर नळी शाईसारखी निळीभोर.

शिशाच्या तिन्ही नळ्या निळ्या झाल्या. व्हायलाच हव्या होत्या. मग मोनालीने कंट्रोलच्या नळीत थेंब सोडला.

निळी.

तिने दुसरा मासा घेतला. निळी. तिसरा. तीही निळी. थोडं शिसं दिलेल्या माशांची नळी आणि निरोगी माशांची नळी शेजारी धरली तर आईलाही जुळ्यांत फरक करता येऊ नये, अशी गत.

मोनाली स्टुलावर बसली. नळ्या ओळीने लावून म्हणाली, “दुलीचंदभाऊ, खरं सांगा. टब धुताना मासे इकडचे तिकडे झाले का?”

“मॅडम, मी मांगूर चेहऱ्यानं वळखतो.”

“भाऊ, मस्करी नको.”

“मस्करी नाई करून राहिलो. नाई झाले. जिम्मा...” आणि तो थांबला. चौदा वर्षांत पहिल्यांदा तो शब्द त्याच्या घशात मांगुराच्या काट्यासारखा आडवा झाला. कारण त्याच क्षणी त्याच्या मनात व्हरांड्यातल्या टाकीचा विचार आला होता. आणि आला नसता तर बरं झालं असतं, असाही.

पण तोंडाला लगाम असता तर तो दुलीचंद कसला! “मॅडम, बाहेरच्या टाकीतला एक पाहता का? त्याच पिंपातला आहे. त्याच्या जवळ शिसं कधी गेलंच नाई.”

शुक्रवारी त्यांनी दोन मासे घेतले. एक टाकीतला. दुसरा नवेगाव बांधच्या तलावातला, तो दुलीचंदने सकाळी बाजारात एका ओळखीच्या बाईकडून जिवंत आणला होता. पेज केली, रस टाकला, पंधरा मिनिटं दोघं घड्याळ पाहत बसले. नवेगावच्या माशाच्या नळीत थेंब पडला, क्षणभर पिवळसर झाक आली, बस्स. त्या माशाने पीठ पचवून टाकलं होतं. टाकीतल्या माशाची नळी निळी.

“म्हणजे टब बदलले नाहीत,” मोनाली हळूच म्हणाली. “मासे आले तेव्हाच असे होते.”

“म्हंजे मी नाई केलं!” दुलीचंद हसला. मग त्याचं हसू जिथल्या तिथे राहिलं. तो सुटला होता आणि त्याची सासुरवाडी अडकली होती.

शनिवारी दोघं सरांकडे गेले. सरांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला.

“मोनाली, तू जरा बाहेर थांब.” ती गेली. “बस दुलीचंद.”

चौदा वर्षांत सरांनी त्याला बसायला सांगितलं नव्हतं. तो घाबरून बसला.

“चार ओळी लिहून दे. टब साफ करताना मासे मिसळले. माणूस आहे, चुकतो. मी सांभाळून घेतो. मोनाली दुसरीकडचे मासे आणून प्रयोग पुन्हा करेल. विषय संपला.”

“पन सर, मिसळले नाईत ना.”

“अरे, मला माहीत आहे!” सर एकदम बोलून गेले आणि दाराकडे पाहून आवाज खाली आणला. “बाबा रे, त्या तलावाच्या मासोळीवर माझे चार निबंध उभे आहेत. मासोळीच बिघडलेली होती म्हटलं तर ते चारही पाण्यात. दोन वर्षांनी मी रिटायर होतो. लोक निरोपाच्या भाषणात काय बोलतील? आणि एक लक्षात घे, तलाव स्वच्छ आहे हे मी म्हटलं नव्हतं. तू म्हटलं होतंस.”

“मी म्हटलं होतं,” दुलीचंदने कबूल केलं.

“मार्च आलाच आहे. ठेक्याच्या कागदावर सही मलाच करायची आहे ना? सोमवारी सकाळी चार ओळी आण. मी काही राक्षस नाही रे.”

तेही खरंच होतं. सर राक्षस असते तर बरं पडलं असतं. राक्षसाशी भांडता येतं. दिवाळीला स्वतःच्या हाताने चिवड्याचा पुडा देणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं?

बाहेर मोनाली भिंतीला टेकून उभी होती. “माझी फेलोशिप सहा महिन्यांत संपते, भाऊ,” ती म्हणाली. “तुम्ही लिहून दिलं तर माझंही सुटतं. म्हणून मी तुम्हाला काहीच सांगणार नाही. तुम्हीच ठरवा.” ती मोजकं आणि बरोबर बोलायची, हे मागे सांगितलंच आहे. दुलीचंदला त्या दिवशी ती बडबडी असती तर आवडलं असतं.

संध्याकाळी त्याने नंदाबाईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

“मंग द्या लिहून.”

“खोटं?”

“बाप्पा! त्या सायकलीच्या वेळी काय खरं बोलले होते?”

“तथी चाक गेलं, नंदा. अथी तुह्या भावाची मासोळी आहे. लोक खाऊन राहिले. आपन खाऊन राहिलो.”

नंदाबाईचा हात सुपात थांबला. मग म्हणाली, “उद्या जाऊ कवडीटोल्याले. डोळ्यानं पाहू. तलावात असं काय पडलं आहे ते.”

काय पडलं होतं, ते त्यांना रविवारी सकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढताच दिसलं.

कवडीटोल्याचे ढिवर पंचक्रोशीत एका गोष्टीसाठी नावाजलेले. फेकजाळ्याच्या कडेला शिशाचे मणी ओवतात, म्हणजे जाळं पाण्यात झटकन बुडतं. ते मणी कवडीटोल्यासारखे कुठेच होत नसत. आसपासच्या बारा गावांचे मासेमार इथून मणी नेत. तलावाच्या पाळीवर, आंब्याखाली भट्टी पेटलेली होती आणि भोवती पाच-सहा जण. मध्ये नंदाबाईचा धाकटा भाऊ घनश्याम, मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष, कढईतलं वितळलेलं शिसं पळीने मातीच्या साच्यांत ओतत होता.

“या जवाईबापू!” एकाने हाक दिली. “आज रिकाम्या हातानं? बॅटरी नाई आनली?”

सगळे हसले. दुलीचंदही सवयीने हसला, आणि मग त्याने कढईतल्या शिशाकडे पाहिलं.

बॅटऱ्या तोच आणत असे. सासुरवाडीला रिकाम्या हाताने कसं जायचं? बाकीचे जावई बालूशाही नेत. ती दोन दिवसांत संपते, जावई विसरला जातो. बारा वर्षांपूर्वी कॉलेजातल्या इन्व्हर्टरच्या मेलेल्या बॅटऱ्या प्राचार्यांनी ‘कुठेतरी टाकून ये’ म्हणून सांगितलं होतं, आणि दुलीचंदने त्या सासुरवाडीला आणून टाकल्या. बॅटरी फोडली की आत शिशाचे पाटे. फुकटचं शिसं! त्या दिवशी त्याला जो मान मिळाला तो कुठल्या जावयाला कधी मिळाला नसेल. सासूने कोंबडा कापला. तेव्हापासून तो कॉलेजच्या, मग ओळखीच्या ऑटोवाल्यांच्या, मग गॅरेजवाल्याच्या मेलेल्या बॅटऱ्या जमवत राहिला. पिंपात जाताना बॅटरी, येताना मांगूर. पिंप एकच.

भट्टीशेजारी एक फुटकी बॅटरी पडली होती. तिच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं: प्राणिशास्त्र ३. अक्षर त्याचंच.

“घनश्याम,” त्याने विचारलं, “हे पाटे तुमी धुता कोठी?”

“धुता म्हंजे? अथी पायरीवर. ॲसिड राहते ना, हात चावते.”

“अन् धुतलेलं पानी?”

“तलावात जाते. मंग काय डोक्यावर घेऊन हिंडू?” पुन्हा हशा.

“बारा वर्स?”

“बारा वर्स. काऊन? आज कॉलेजातून चौकशीले आले का काय तुमी?”

दुलीचंद पायरीवर बसला. खाली पाणी स्वच्छ दिसत होतं. नाणं टाकलं असतं तर खरंच राजाचं तोंड दिसलं असतं. “मासोळी कशी आहे औंदा?”

घनश्यामचा चेहरा उतरला. तो पळी खाली ठेवून जवळ आला. “काय सांगू भाऊजी! चार वर्सापासून मासोळी अंगानं भरतच नाई. खाते, नाई म्हनत नाई. पोट फाडून पाहा, अन्न जसंच्या तसं. पोट टम्म, अन् आंग वाळलेलं. तीनदा बीज बदललं. मागच्या साली तलावाची पूजा केली, बकरा देल्ला. बकरा गेला, मासोळी तशीच.”

म्हणजे मोनालीला चार वर्षं अभ्यास करून जे कळायचं होतं, ते घनश्यामला सुरीने केव्हाच कळलं होतं. फक्त कारण दोघांनाही ठाऊक नव्हतं. ते एकट्या दुलीचंदला आता कळलं होतं, आणि त्याला ते नको होतं. उठून निघावं, पॅसेंजर पकडावी, उद्या चार ओळी लिहाव्यात. नोकरी राहील, सासुरवाडी राहील, सरांचे निबंध राहतील, मोनालीची पीएच.डी. होईल. या एका खोट्याने होणार होतं तेवढं लोकांचं भलं त्याच्या कुठल्याच जिम्म्याने आजवर केलं नव्हतं.

तो उठलासुद्धा. तेवढ्यात त्याला पाण्याच्या कडेला घनश्यामची नात दिसली. चार वर्षांची पोर, धुतलेले चकचकीत मणी ओंजळीत घेऊन खेळत होती आणि एक मणी तिच्या तोंडात होता.

“थुक!” दुलीचंद ओरडला. “थुक तो आधी!”

पोर दचकून रडायला लागली. मणी मातीत पडला. आणि मग दुलीचंदने, तिथेच पाळीवर उभं राहून, सगळं सांगून टाकलं. पेज, निळी नळी, नवेगावचा मासा, पाटे. शिसं दिसत नाही, चाखून कळत नाही, पण माशाच्या आतड्यात बसून त्याच्या पचनाचा जाळ विझवतं. त्याने ‘जिम्मा’ हा शब्द एकदाही उच्चारला नाही. त्यामुळेच की काय, कुणाचा विश्वास बसेना.

“बारा गावं हे मनी वापरतात. कोनी मेलं?” एक म्हणाला.

“आमी नाई, तुमीच तर आनल्या ना बॅटऱ्या?” दुसरा म्हणाला.

“मीच आनल्या.”

“मंग?”

दुलीचंदने मातीत पडलेला मणी उचलून खिशात टाकला.

घनश्यामने रडणाऱ्या नातीला कडेवर घेतलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “भाऊजी, उद्या हे कागदावर गेलं तर बाजारात आमच्या बायांच्या टोपल्याले कोन हात लावन? तलाव आमी पाच वर्सासाठी ठेक्यानं घेतला आहे, तीन वर्सं बाकी आहेत. भट्टी आज बंद करतो, पाहा. पन जे तळाशी बसलं ते काढाचं कसं? तुमचे सर काढून देनार आहेत का?”

“नाई.”

“मंग टब बदलले म्हून लिहा अन् गप्प राहा. चाला, जेवाले चाला. आईनं सैपाक केला आहे.”

आता जावयाला सासुरवाडीहून जेवल्याशिवाय निघता येत नाही. भांडण होवो, आग लागो, जेवून जायचं. दुलीचंदला चौदा वर्षांच्या नोकरीतून उठून जाता आलं असतं, पण सुमित्राबाईंच्या ओसरीतून नाही. सासूबाई सत्तरीच्या. जावयासाठी त्या सकाळपासून चुलीपुढे होत्या. पाट मांडलेला, ताट वाढलेलं. पांढरा भात, आणि वाटीत लालजर्द रश्शात मांगुराचे दोन जाड तुकडे. डोक्याचा तुकडा जावयाचा, हा रिवाज.

पाळीवरची सगळी मंडळी अंगणात येऊन उभी राहिली होती. घनश्याम दाराच्या चौकटीला टेकला.

“खा ना, भाऊजी,” तो शांतपणे म्हणाला.

त्यात शिवी नव्हती, धमकी नव्हती. पण अंगणातल्या प्रत्येकाला कळलं होतं आणि दुलीचंदलाही. त्याने घास घेतला तर पाळीवर बोललेलं सगळं खोटं. उद्याच्या चार ओळी आपोआप लिहिल्या जातील. नाही घेतला तर अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा जावयाने सासूच्या हातचं ताट परतवलं, हे बारा गावांत मण्यांबरोबर पोचेल. शेजारच्या पाटावर घनश्यामची नात बसली होती. तिच्याही ताटात एक तुकडा होता. ती फुंकर घालत होती.

दुलीचंदने भात कालवायला हात घातला. बोटं रश्शापर्यंत गेली. वास असा होता की पोटातल्या जाळाला काहीच झालेलं नाही याची खात्री पटावी. त्याने एकदा नंदाबाईकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला धरून उभी होती आणि त्याच्याकडे पाहत नव्हती. ती पोरीच्या ताटाकडे पाहत होती.

त्याने वाटी उचलून ताटाबाहेर ठेवली. मग हात लांब करून पोरीच्या ताटातला तुकडाही उचलला आणि आपल्या वाटीत टाकला.

“मी नाई खात,” तो म्हणाला. “उद्या लिहून देनार आहे. टब बदलले नाईत म्हून. अन् बॅटऱ्या कोनं आनल्या तेही लिहीन, नाव घालून.”

घनश्याम चौकटीवरून हलला आणि पाठ फिरवून अंगणाकडे पाहत उभा राहिला.

“आई,” नंदाबाई म्हणाली, “त्याईले दूध-भात दे. पोरीलेही.”

सुमित्राबाईंनी जावयाकडे पाहिलं, मुलाच्या पाठीकडे पाहिलं. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. दूध आणायला त्या आत जातील असं सगळ्यांना वाटलं. त्या आत गेल्या आणि चुलीवरचं कालवणाचं पातेलं पदराने धरून बाहेर घेऊन आल्या. अर्ध्या गावाला पुरेल एवढं कालवण होतं.

ओसरीच्या कडेला त्या थांबल्या. परसात कोंबड्या होत्या. उकिरड्यावर कुत्रं बसलं होतं. नाली उतरून तलावाकडे जात होती.

“मंग हे कोठी टाकू?” त्यांनी विचारलं.

त्यांनी ते घनश्यामला विचारलं, मग अंगणातल्या माणसांना, मग दुलीचंदला. पातेलं जड होतं, वाफ त्यांच्या तोंडावर येत होती. दुलीचंद उठून त्यांच्याजवळ गेला, पातेल्याची दुसरी कड धरली, आणि दोघं तसेच उभे राहिले.